आवाज येऊन राहिला का? हेडसेट लावून कॉलवर स्पष्ट ऐकू जायचं असेल तर

हेडसेट घ्यायला नागपुरात बर्डीच्या बाजारात गेलं की आपण सगळे कानाचाच विचार करतो, बेस कसा आहे, गाणी कशी वाजतात, बॅटरी किती तास चालते, कान दुखतील का. आणि कॉल बिघडतो तो बहुतेक वेळा तोंडाच्या बाजूनं. समोरच्याचा आवाज आपल्याला छान येत असतो म्हणून आपल्याला वाटतं सगळं बरोबर चाललंय, पण आपला आवाज तिकडे कसा पोचतोय हे आपल्याला कधीच ऐकू येत नाही, ते फक्त समोरच्याला माहीत असतं, आणि तो दोनदा "काय म्हणून राहिले?" विचारतो आणि तिसऱ्यांदा संकोचानं "हो हो" म्हणून टाकतो. हे "हो हो" फार महागात पडतं. औषधाचा डोस, खात्याचा नंबर, इंटरव्ह्यूमधलं चांगलं उत्तर, सगळं त्यात वाहून जातं.

नागपुरात फोनवर पोट असलेली माणसं आता कमी नाहीत. मिहानमधल्या कंपन्या, गायत्रीनगरचा आयटी पार्क, मनीषनगर-बेसाकडे फ्लॅटमध्ये बसून वर्क फ्रॉम होम करणारे, ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या मॅडम, कानात इअरबड टाकून दिवसभर भाव घेणारे-देणारे इतवारीतले व्यापारी. माझं काम फोन सपोर्टवर नव्यानं येणाऱ्या पोरापोरींना तयार करायचं आहे, आणि मला मनापासून वाईट वाटतं ते याचं की ही पोरं बोलणं सुधारायला क्लास लावतात, इंग्लिशचे उच्चार घोटतात, आणि माईक मात्र हनुवटीखाली लोंबत असतो. बोलणं चांगलंच असतं हो त्यांचं, ते पोचत नाही एवढंच. म्हणून जे काही मला माहीत आहे ते इथे सरळ लिहितो.

माईक कुठे आहे, हा पहिला प्रश्न

आवाजाचा एक साधा नियम आहे, अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा ते मोजायचं माप). आता हेडसेटच्या दांडीवरचा माईक तोंडापासून ३ सेंटिमीटरवर असतो असं धरा, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवरचा माईक ४८ सेंटिमीटरवर. ३ चे ६, ६ चे १२, १२ चे २४, २४ चे ४८, म्हणजे अंतर चारदा दुप्पट झालं, म्हणजे २४ डेसिबलचा फरक पडला, म्हणजे लॅपटॉपच्या माईकपर्यंत तुमच्या आवाजाचा दाब १६ पटीनं कमी होऊन पोचतोय. खोलीतला पंखा मात्र दोन्ही माईकना जवळपास सारखाच ऐकू येतो. इथेच सगळा खेळ आहे. लांबचा माईक आवाज उचलायला आपोआप व्हॉल्यूम वाढवतो, आणि तुमच्या आवाजासोबत पंखा, टीव्ही, खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला, सगळ्यांचाच व्हॉल्यूम वाढतो. माईक जवळ असला की यातलं फारसं काही सॉफ्टवेअरला निस्तरावं लागत नाही.

पण जवळ म्हणजे अगदी तोंडासमोर नाही. प, फ, भ, ख, थ म्हणताना तोंडातून हवेचा झोत बाहेर येतो, तळहात तोंडासमोर धरून "फोन", "भाऊ", "खाली" म्हणून पाहा, लगेच जाणवेल. मराठीत असे श्वास सोडून म्हणायचे वर्ण जागोजागी येतात, त्यामुळे माईक ओठांच्या समोर असला की समोरच्याला दर वाक्यात फट् फट् ऐकू येतं, शिवाय नाकातोंडाचा श्वासही. माईक ओठांच्या कोपऱ्याशी, थोडा खाली, गालापासून जरा सुटा आणि तोंडापासून दोन बोटांवर ठेवायचा. झोत सरळ पुढे निघून जातो, आवाज माईकमध्ये जातो. स्पंजची टोपी मिळाली असेल तर ती काढू नका, ती शोभेची नसते.

अजून एक गोष्ट जी बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलीच नसते. ऑफिसच्या हेडसेटमधले बरेच माईक दोन बाजूंनी उघडे असतात, एक भोक तोंडाकडे आणि एक मागे. लांबून येणारा गोंगाट दोन्ही भोकांतून जवळपास सारखाच आत शिरतो आणि एकमेकाला बऱ्यापैकी मारून टाकतो, तुमचा आवाज मात्र पुढच्या भोकातून जास्त येतो म्हणून तो उरतो. आता मागचं भोक बोटानं झाकलं, किंवा उन्हात डोक्याला बांधलेला दुपट्टा त्यावर आला, किंवा दांडी फिरून माईकचं तोंड बाहेर झालं, तर ही सगळी करामत बंद. बाहेरून हेडसेट ठीकठाक दिसतो आणि गोंगाट मात्र सगळा आत येत राहतो. दांडीवर छोटा बाण किंवा ठिपका असेल तर तो तोंडाकडे पाहिजे, एवढं कॉल घ्यायच्या आधी बघून घ्या.

वायरच्या इअरफोनवर तारेतच जो छोटा माईक असतो त्याचं दुखणं वेगळं, तो कॉलरवर, ओढणीवर, गळ्यातल्या साखळीवर घासतो आणि समोरच्याच्या कानात खरखर खरखर होते. मग लोक तो हातात धरून ओठांना चिकटवतात आणि फट् फट् सुरू होतं. क्लिपनं शर्टाला असा लावा की माईक कापडापासून सुटा राहील. आणि वायरचा इअरफोन विकत घेताना पिनकडे पाहा, ३.५ एमएमच्या पिनवर तीन काळ्या रिंगा असतील तर त्यात माईकची जोडणी आहे, दोनच असतील तर तो फक्त ऐकायचा आहे, दुकानदार काहीही म्हणो.

भलताच माईक चालू असणं

हेडसेट कानाला आहे म्हणजे माईकही त्याचाच चालू आहे असं नसतं. मीटिंगचं ॲप ऐकायला हेडसेट घेतं आणि बोलायला लॅपटॉपचा माईक पकडून बसतं, हे रोज होतं, आणि अशा वेळी तुम्ही दांडी कितीही नीट लावा काही उपयोग नाही कारण तुम्ही त्या माईकमध्ये बोलतच नाही आहात. याची परीक्षा अगदी सोपी आहे. रेकॉर्डिंग चालू करा, हेडसेटच्या माईकवर हलकेच नख घासा, मग लॅपटॉपच्या माईकच्या भोकाजवळ घासा. ज्या ठिकाणची खरखर रेकॉर्डिंगमध्ये मोठी येते तो माईक चालू आहे. मोबाइलवर ब्लूटूथ लावलं तरी फोनचं रेकॉर्डर कधी कधी फोनचाच माईक वापरतं, त्यामुळे तिथेही नख घासून बघा.

आणि एकदा रेकॉर्डिंग केलंच आहे तर पूर्ण ऐका, तेही दुसऱ्या चांगल्या इअरफोनवर. आपलाच आवाज ऐकायला बहुतेकांना नको वाटतं, पण तुम्ही समोरच्याला कसे ऐकू येता हे कळायचा दुसरा रस्ता नाही. बोलताना चार गोष्टी म्हणा: स्वतःचं नाव, मोबाइल नंबर, "सहा, साठ, सात, सत्तर", आणि शेवटी थोडा वेळ गप्प बसा. गप्प बसल्यावर जे ऐकू येतं ते तुमच्या खोलीचं खरं रूप.

ब्लूटूथवर गाणी छान आणि कॉल भिकार, असं काहून?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. हजारो रुपयांचे इअरबड, गाणी जबरदस्त वाजतात, आणि मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा. हेडसेट खराब नसतो. ब्लूटूथचे काम करायचे दोन मोड असतात. गाणी ऐकताना आवाज फक्त एका दिशेनं जातो, फोनकडून कानाकडे, त्यामुळे सगळी जागा चांगल्या क्वालिटीला मिळते, याला एटूडीपी म्हणतात. माईक चालू झाला की आवाज दोन्हीकडून पाठवावा लागतो, मग हेडसेट हँड्सफ्री मोडमध्ये जातो, आणि तो मोड मुळात फोन कॉलसाठी बनवलेला आहे. त्याचं जुनं कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलून पाठवायची पद्धत, सीव्हीएसडी, ते आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतं, नमुने जितके जास्त तितका आवाज स्पष्ट. २०११ मध्ये एमएसबीसी आलं, ते १६००० घेतं आणि बराच फरक पडतो, पण हेडसेट आणि फोन किंवा लॅपटॉप, दोघांनाही ते येत असेल तरच, एकाला येत नसेल तर दोघंही जुन्यावर उतरतात. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीत हे बरंच सुधारलंय, तिथेही अट तीच, दोन्ही बाजू नव्या पाहिजेत.

लॅपटॉपवर यातून एक पळवाट आहे आणि ती फुकट आहे. ऐकायला ब्लूटूथ ठेवा, बोलायला सेटिंगमध्ये दुसरा माईक निवडा, वायरचा असेल तर उत्तम, खोली शांत असेल तर लॅपटॉपचाही चालतो. हेडसेटचा माईक कुणी वापरतच नाही म्हटल्यावर तो गाण्याच्या मोडमध्येच राहतो. पण रोज सहा-आठ तास कॉलवर असणाऱ्याला माझा सल्ला स्पष्ट आहे, यूएसबी वायरचा दांडीवाला हेडसेट घ्या. दिसायला साधा असतो, मागे-पुढे फिरता येत नाही, पण चार्जिंग संपत नाही, मोड बदलत नाही, माईक तोंडापाशी राहतो. इअरबडचा माईक कितीही भारी असला तरी तो कानात असतो, आणि कान तोंडापासून लांबच असतो.

ब्लूटूथ तुटत असेल तर एक गोष्ट आधी बघा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, घरचं वायफाय पण बऱ्याचदा त्याच पट्ट्यात असतं, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. राउटरला ५ गिगाहर्ट्झ असेल तर लॅपटॉप त्यावर टाका. आणि फोन पॅंटच्या मागच्या खिशात ठेवून बोलू नका, या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि आपलं शरीर बहुतांशी पाणीच आहे, म्हणजे मधे तुम्हीच आडवे येता.

"सात" आणि "साठ"

आता आवाजाच्या आतल्या गोष्टीकडे येतो, कारण हे कळलं की कसं बोलायचं ते आपोआप कळतं. साधा टेलिफोन माणसाचा पूर्ण आवाज पाठवतच नाही. ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच तुकडा जातो (हर्ट्झचा आकडा जितका मोठा तितकी आवाजाची पट्टी वरची), खालचं कापलं, वरचं कापलं. ही हद्द जुन्या तारांच्या काळापासून आहे आणि १९७२ च्या जी.७११ या डिजिटल स्टँडर्डमध्येही तशीच राहिली. स्वर या तुकड्यात चांगले बसतात. पण स म्हणताना जी सळसळ होते तिचा मोठा भाग ४००० हर्ट्झच्या वर असतो, तो गेलाच. म्हणून साध्या कॉलवर स आणि फ सारखे वाटायला लागतात. म आणि न यांच्यातला फरक तर मुळातच बारीक, गोंगाटात तो आधी जातो. फोनच्या स्क्रीनवर एचडी लिहून येतं तेव्हा साधारण ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो, फरक लगेच कळतो, आणि इंटरनेटवरच्या बऱ्याच कॉलमध्ये ओपस नावाचं कोडेक असतं, २०१२ चं, ते नेट चांगलं असेल तर त्याहूनही वर जातं. पण मधला एक जरी दुवा अरुंद असला, समजा तुमचा जुना ब्लूटूथ हेडसेट, की पूर्ण कॉल तेवढाच अरुंद होतो.

आवाजाचा जोर स्वरात असतो आणि अर्थ बराचसा व्यंजनात. फोनवर व्यंजनंच आधी मार खातात. त्यातही शब्दाच्या शेवटचं व्यंजन, कारण बोलताना आपणच ते सैल सोडतो. "सात" आणि "साठ" यांत फरक फक्त शेवटच्या व्यंजनाचा, आणि कळमन्याच्या बाजारात फोन करून सात क्विंटल सांगितले आणि समोरच्यानं साठ ऐकले तर केवढ्याचा घोळ होतो विचार करा. आपले आकडे तर असे आहेत की सदुसष्ट आणि अडुसष्ट फक्त सुरुवातीत वेगळे, एकोणपन्नास आणि एकोणसाठ फक्त शेवटी वेगळे. नेटवर आवाज छोट्या छोट्या पॅकेटमध्ये जातो, साधारण २० मिलिसेकंदाचं एकेक, त्यातली चार-पाच लागोपाठ हरवली की एक अक्षर गायब, आणि नेमकं तेच अक्षर महत्त्वाचं असलं की संपलं. त्यात नागपुरात समोरचा माणूस हिंदीत आकडे सांगेल की मराठीत याचा नेम नसतो, एकाच वाक्यात पचपनही येतं आणि बासष्टही.

म्हणून आकडा नेहमी दोन प्रकारे सांगा. "सदुसष्ट, सहा सात." "सात हजार, सातावर तीन शून्य." दीड लाख म्हटलं की लगेच "एक लाख पन्नास हजार" जोडा. मोबाइल नंबर पाच-पाचच्या दोन गटांत, एकेक आकडा सुटा, मधे थांबून, आणि समोरच्याला परत म्हणायला लावा. "बरोबर ना?" असं विचारू नका, त्याला "हो" म्हणणं सोपं असतं. "एकदा वाचून दाखवता का?" असं म्हणा.

इंग्लिश अक्षरांचं तर विचारूच नका. बी, डी, पी, टी, ई सगळी एकाच स्वरावर संपतात, फोनवर ती एकच वाटतात. एम आणि एन पण तसंच. विमानवाल्यांनी यासाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली असे शब्द ठरवून घेतले, १९५६ पासून ते जगभर चालतात, पण आपल्या काकूंना चार्ली सांगून उपयोग नाही. "एम मुंबईचा, एन नागपूरचा, पी पुण्याचा, डी दिल्लीचा, बी भंडाऱ्याचा" असं सांगा, गावाचं नाव ऐकू येतंच. बँकेचा आयएफएससी कोड ११ खुणांचा असतो, पहिली ४ अक्षरं आणि पाचवं नेहमी शून्य, ते "ओ" म्हणू नका, "शून्य" म्हणा, या एका "ओ"पायी पैसे अडकलेले लोक मी रोज ऐकतो.

कूलर

एप्रिल लागला की नागपुरात घराघरात खिडकीला मोठा लोखंडी कूलर लागतो, तिन्ही बाजूंना ताट्या, खाली पंपाची घरघर, आणि ४५ डिग्रीच्या दुपारी तो बंद ठेवून कॉल घ्या असं मी कुणालाच सांगणार नाही. फक्त कूलरचे दोन त्रास वेगवेगळे आहेत हे ओळखा. एक आवाज आणि दुसरी हवा. आवाज एकसारखा असतो, आणि एकसारखा आवाज ओळखून काढून टाकणं हे नॉइज सप्रेशनचं, म्हणजे मागचा गोंगाट कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं, सगळ्यात सोपं काम आहे. हवा मात्र सरळ माईकवर आदळली की आतला पडदाच थडथडतो आणि समोरच्याला ढगांच्या गडगडाटासारखं ऐकू जातं, ते सॉफ्टवेअरला नीट काढता येत नाही. म्हणून हवा पाठीवर घ्या, तोंडावर नको, आणि माईकला स्पंज ठेवा. पंखा फुल असेल तर कॉलपुरता एक नंबर खाली करा.

नॉइज सप्रेशन चांगली गोष्ट आहे पण तिची किंमत असते. तिला कसं कळणार की सळसळ कूलरची आहे की तुमच्या स-श ची? ख, थ, फ मधला श्वासही तिच्या लेखी गोंगाटच. जोरात लावली की हे सगळं घासलं जातं आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. हेडसेटचं एक सप्रेशन, ॲपचं दुसरं, लॅपटॉपचं तिसरं अशी तिन्ही चालू ठेवली तर एकानं तासलेलं दुसरा तासतो. एकच ठेवा. आणि माणसांच्या आवाजापुढे बऱ्याच सप्रेशनचं काही चालत नाही, मागे आई फोनवर बोलत असली किंवा टीव्हीवर बातम्या असल्या तर तोही माणसाचाच आवाज, तो जातोच तिकडे. दार लावणं हाच उपाय.

अजून एक. सप्रेशन शांततेतून बोलणं सुरू झालं हे ओळखायला क्षणभर घेतं, त्यात पहिलं अक्षर चिरडलं जातं. तुम्ही नुसतं "हो" म्हणालात तर पूर्ण उत्तरच गेलं. "हं" तर गुणगुण म्हणून कापलं जातं. समोरचा वाट बघत बसतो आणि तुम्ही म्हणता मी तर सांगितलं. एकाक्षरी उत्तर देऊ नका. "हो, चालेल मला", "नाही, उद्या नाही जमणार" असं पूर्ण बोला, पहिला शब्द गेला तरी उरलेल्यातून कळतं.

जोरात बोलून भागत नाही

कान पूर्ण झाकणारा हेडसेट लावला की स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो आणि माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोम्बार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरनं १९११ मध्ये हे मांडलं, कानात गोंगाट असला की माणूस आपोआप जोरात बोलतो आणि त्याला ते कळतही नाही. यात शिष्टाचाराचा प्रश्न आहेच, पण स्पष्टपणाचाही आहे. ओरडताना स्वर मोठे होतात, व्यंजनं त्या मानानं वाढत नाहीत, म्हणजे ज्यात अर्थ असतो तेच मागे पडतं, आणि माईक जवळ असल्यामुळे आवाज फाटतो तो वेगळाच. जुन्या लँडलाइनमध्ये आपला आवाज थोडासा आपल्याच कानात मुद्दाम सोडलेला असायचा, त्याला साइडटोन म्हणतात. तुमच्या हेडसेटच्या ॲपमध्ये ही सेटिंग असेल तर चालू करा. नसेल तर एक कान अर्धा उघडा ठेवा, कॉल सेंटरमध्ये एका कानाचे हेडसेट दिसतात त्याचं हेही एक कारण. ऐकायचा व्हॉल्यूम पण आवरा, जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित ऐकण्याची हद्द ठेवली आहे, आणि कॉलवर काम करणाऱ्याचा आठवडा साधारण ४० तासांचाच असतो.

वेग मात्र कमी करा. प्रत्येक शब्द ताणायचा नाही, ते समोरच्याला अपमानासारखं वाटतं. वाक्यं छोटी ठेवा आणि दोन वाक्यांच्या मधे थांबा. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सेकंदाचा पाचवा हिस्सा, साधारण २०० मिलिसेकंद लागतात. कॉलवर आवाज पोचायलाच वेळ लागतो, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेनं एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदाच्या आत असावा असं सांगितलंय, त्यात ब्लूटूथ स्वतःचा वेगळा उशीर घालतं. म्हणजे तुम्ही थांबलात, समोरच्याला ते उशिरा कळलं, तो बोलायला लागला, तोपर्यंत तुम्हाला वाटलं हा गप्पच आहे म्हणून तुम्ही परत सुरू केलं, आणि मग दोघंही "बोला बोला, तुम्ही बोला". यावर उपाय म्हणजे बोलणं संपलं हे शब्दांत सांगणं, "माझं झालं, आता तुम्ही सांगा". चार-पाच जण असतील तर नाव घेऊन, "काका, तुम्हाला काय वाटतं?" आणि समोरचा बोलत असताना दर वाक्याला हं-हं, हो-हो करू नका, आपल्याकडे ते आदराचं आहे, न केल्यास माणूस लक्ष देत नाही असं वाटतं, पण उशिरानं पोचलेलं तुमचं "हो" त्याच्या पुढच्या शब्दावर जाऊन पडतं.

दोष कुणाकडे, ते आवाजावरून कळतं

तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकू येत असेल तर तुमचा हेडसेट निर्दोष आहे. तुमचा आवाज समोरच्याच्या स्पीकरमधून निघून त्याच्याच माईकमध्ये शिरून परत येतोय, त्याला स्पीकर कमी करायला किंवा इअरफोन लावायला सांगा. आवाज रोबोटसारखा, तुटक होत असेल तर नेटची गडबड, व्हिडिओ बंद करा, राउटरजवळ जा, हेडसेट बदलू नका. लांबून, मोकळ्या हॉलमधून बोलल्यासारखा येत असेल तर भलताच माईक चालू आहे किंवा खोली रिकामी आहे, टाइल्स आणि उघड्या भिंतींवर आवाज आपटत राहतो, पडदे, गादी, कपड्यांचं कपाट असलेली खोली बरी. एकसारखी घूं अशी गुणगुण असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, ती थांबली तर अर्थिंगचा प्रश्न आहे, इलेक्ट्रिशियनला दाखवा. आणि घामानं स्पंज ओला होऊन कडक झाला असेल तर तो बदलायचा, उन्हाळ्यात तर नक्कीच.

वयस्कर माणसांशी बोलताना एवढं सगळं करूनही कधी कधी जमत नाही, कारण वयानुसार आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं, म्हणजे फोननं जे आधीच कापलंय तिथेच कानही कमी पडतो. आजी म्हणते "मले काहीच समजून नाही राहिलं बापा", आणि घरचे तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हणतात. तेच शब्द पुन्हा म्हटले तर तेच अक्षर पुन्हा हरवतं. शब्द बदला. "गुरुवारी येतो" कळलं नाही तर "बुधवारच्या दुसऱ्या दिवशी, बारा तारखेला येतो" म्हणा. "डॉक्टरकडे" नाही कळलं तर "दवाखान्यात". थोडं सावकाश, आवाज खालच्या पट्टीत, आणि आधी विषय सांगून, "आजी, गोळ्यांबद्दल विचारतोय", म्हणजे पुढचे शब्द अर्धवट आले तरी तिला अंदाज बांधता येतो.